फुगवट्याकडचा रस्ता

माझ्या मावसबहिणीचा मुलगा इम्रान इथं नांदेडला माझ्याच घरी राहतो. दर रविवारी झुंजूमुंजू झालं की तो आणि त्याची टोळी अंगाला चिकटणारे कपडे आणि डोक्यावर टोपडी चढवून विष्णुपुरीच्या पाण्याकडं सायकली हाणत निघतात. नऊच्या सुमाराला घामाघूम होऊन परत आले, की चहा पिता पिता मला फोनवर निळी रेघ दाखवतात. इतका चढ, इतका उतार, इतके किलोमीटर. मी चष्मा लावून ती रेघ नीट बघते आणि विचारते, "ह्यात बाभळी कुठं आहेत ते दिसतं का?" पोरं हसतात. "खाला, तुमचं काहीतरीच असतं," म्हणतात. हसोत बिचारी. पंक्चर झालं की हीच गाढवं मला फोन करतात, कारण ठिगळ लावायला त्यांच्यातल्या एकाचाही हात वळत नाही.

मी सायकलवाल्याची मुलगी. अब्बांचं दुकान आधी निलंग्याला होतं. भूकंप झाला तेव्हा आमच्या घराला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, पण आम्ही सगळे वाचलो. आसपासच्या गावांतून ज्या बातम्या येत होत्या त्या ऐकून अम्मी रोज दोनदा जमिनीला डोकं टेकून शुक्र मानायची आणि लगेच रडायची. पुढं मला अकरावीला लातूरला घालायचं ठरलं, आणि एकुलत्या एक पोरीला परगावी एकटी ठेवायला अम्मीनं साफ नकार दिला, तेव्हा अब्बांनी सगळं बिऱ्हाडच उचललं. दुकान, पाने, हवेचा पंप, अम्मीची शिलाई मशीन, तिची कोंबडी, सगळं एका टेम्पोत घालून आम्ही लातूरला आलो. क्लासेसच्या गल्लीत आम्हाला एक लांबट जागा मिळाली. पुढं पत्र्याचं दुकान, मागं दोन खोल्या आणि मधे एवढंसं अंगण.

त्या काळी लातूरला पोरांचा नुसता पूर आला होता. देगलूर, उदगीर, नांदेड, कुठून कुठून ट्रंका आणि गाद्या घेऊन पोरं एस.टी.तून उतरायची, आणि खोली मिळाली की पहिली सायकल शोधायची. सकाळी सहाला फिजिक्स, आठला केमिस्ट्री, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मॅथ्स. प्रत्येक क्लास गावाच्या वेगळ्या टोकाला. अब्बांच्या भाड्याच्या सायकलींना उसंत नसायची. माझ्या अभ्यासाच्या वह्यांना अजून त्या दुकानाचा वास येतो असं मला वाटतं: सोल्यूशन, ग्रीस आणि मागून अम्मीच्या खट्ट्या दालीला दिलेली लसणाची फोडणी. चाकाची तार ताणली की अब्बा ती बोटानं छेडून कान देत. आवाज बसका आला की अजून एक आटा. मी आतल्या खोलीत डेरिव्हेशन पाठ करत असताना बाहेर ही तारांची टणटण चालायची आणि मला तिच्याशिवाय अभ्यास सुचायचा नाही. परीक्षेच्या हॉलमधल्या शांततेत मी पहिली दहा मिनिटं गोंधळून जायची, ते ह्याच सवयीनं.

रविवारी पोरं सायकली घेऊन लांब फिरायला जात. तेव्हा अब्बा प्रत्येकाला रस्त्याची चिठ्ठी देत. ते उर्दू शाळेत शिकलेले, मराठी अक्षर त्यांना कष्टानं यायचं, म्हणून ते सांगत आणि मी ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहीत असे. त्या चिठ्ठीत किलोमीटर कधीच नसायचे. 'औशाच्या पुढं दोन चिंचा लागतील, तिथं हवा बघा. वगळाच्या, ओढ्याच्या अलीकडं उतरून चाला, शेताच्या कुपाटीसाठी बाभळी तोडायचं चालू आहे, काटे गाडीवाटेवर सांडलेले असतात. पुढच्या वस्तीवर पाणी मागा, कुत्रं भुंकतं पण चावत नाही.' कुठल्या महिन्यात कुठल्या शिवारात काटे असतात हे अब्बांना पंचांग पाठ असावं तसं पाठ होतं. ज्या रस्त्यावर पंक्चर होतं तो रस्ता त्यांच्या लेखी रस्ताच नव्हे, मग तो कितीही जवळचा का असेना.

मंगल आमच्याकडं आली ती अशाच एका भाड्याच्या सायकलीसाठी. माझ्याच वर्गात होती, पण तोवर आम्ही बोललो नव्हतो. किल्लारीच्या बाजूची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. अशी चर्चा तिच्या वडिलांना आवडली नसती. भूकंपात तिची आई गेली. घर दगडामातीचं, वर मातीच्या जड छताचं माळवद. मंगल आणि तिचे वडील त्या पहाटे शेतातल्या खोपीवर होते म्हणून राहिले. गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढं होती, आणि तरी पहिल्या सहामाहीत टेस्टच्या यादीत तिचं नाव खाली खाली सरकत चाललं होतं. कारण मला एके दिवशी केमिस्ट्रीच्या तासाला कळलं, जेव्हा ती बाकावर डोकं ठेवून गाढ झोपली आणि सरांनी खडू मारला तरी उठली नाही. मुलींच्या वसतिगृहाला स्लॅब होता. स्लॅबखाली तिचा डोळा लागत नव्हता. तीन महिने ती कॉटवर बसून काढत होती.

मी तिला घरी आणलं. ती दुकानात शिरली, वर बघितलं आणि म्हणाली, "पत्रा हाय?" एवढंच. अम्मीनं भाकरी वाढली, पण खाता खाताच मंगल पुढ्यातल्या चटईवर कलंडली. त्या दिवसापासून ती आमच्याकडंच झोपू लागली. भाड्याच्या सायकली एका भिंतीला लावायच्या आणि मोकळ्या जागेत अम्मी, मी आणि मंगल अंथरूण टाकायचो. अब्बा मागच्या खोलीत. मंगल लिंगायत घरातली. अम्मीनं तिच्यासाठी नवी कढई आणली, ती वेगळ्या खुंटीला टांगली आणि अब्बांना बजावलं, "उसको हात नक्को लगाव." सकाळी मंगल त्या कढईत मुरमुऱ्यांची सुशीला करायची आणि आम्ही सगळे तीच खायचो. महिन्याभरात तिचं नाव यादीत वर चढलं. मला खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला, कारण ती चढली तशी मी एक पायरी उतरले.

दिवाळीनंतर वसतिगृहाच्या बाईंनी मंगलच्या घरी कार्ड टाकलं की मुलगी रात्री खोलीवर नसते. बाईंची चूक नव्हती. मंगलनंच त्यांना कधी खरं सांगितलं नव्हतं, आणि वडिलांनाही नाही. तिला वाटायचं, स्लॅबला घाबरते म्हटलं तर अण्णा शिक्षणच बंद करतील, आणि परक्या घरी झोपते म्हटलं तरी तेच. एका शनिवारी तिच्या गावाकडचा एक माणूस क्लासवर येऊन निरोप देऊन गेला: सोमवारी अण्णा न्यायला येत आहेत, सामान बांधून ठेव. मंगल दुकानात आली आणि पंपाशेजारी बसून तिनं तो निरोप सांगितला. अब्बांनीच पाना खाली ठेवला.

"येऊ दे की. मी बोलतो त्यांच्याशी."

"न्हाई चाचा. अण्णा आले की बोलत न्हाईत. ट्रंक उचलतात. गावात 'पोरीला घेऊन येतो' म्हणून निघाले की मग रिकाम्या हातानं माघारी यायचे न्हाईत. निघायच्या आदी गाठलं पायजे."

"मग उद्या मी जातो तुझ्यासंगं."

"तुमी नगा येऊ," मंगल खाली बघत म्हणाली. "कार्डात ते असं लिवलंय, आन् वर मी वळख न्हाई पाळख न्हाई अशा मानसासंगं गेले तर…"

अब्बांना ते पटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं आणि मला मंगलचा राग आला. पण ती बरोबर बोलली होती. तेव्हा ठरलं की मी जायचं. लामजन्याच्या पाटीपर्यंत, म्हणजे फाट्यापर्यंत, सायकली एस.टी.च्या टपावर टाकायच्या आणि तिथून पुढं सायकलनं, कारण मंगलच्या गावाला दिवसाची गाडी नव्हती. तिचं नवं गाव सरकारनं जुन्यापासून लांब, माळावर वसवलेलं. सरळ वाट जुन्या गावातून जायची. आईला बाहेर काढलेलं बघितल्यापासून मंगल त्या दगडांत पुन्हा गेली नव्हती. अब्बांनी मला पुठ्ठा फाडायला सांगितला आणि माकणीच्या धरणाच्या पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता सांगितला. तो त्यांना ठाऊक होता, कारण भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात ते पाना-पंप घेऊन पत्र्याच्या शेडमधल्या लोकांच्या सायकली नीट करायला त्या भागात पंधरा दिवस हिंडले होते. "लांब पडेल," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पर उस बच्ची कू वहां से नक्को ले जाव." मी माझ्या हातानं लिहिलं: पाण्याच्या कडेकडेनं चला, पाणी डावीकडं ठेवा.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. दोन्ही सायकली टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "एखादा बैलबी आना की, त्यालाबी टाकू वर." पाटीवर उतरून टायरं दाबून बघितली आणि पायडल मारायला लागलो. तो रस्ता मी अजून विसरले नाही. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी ज्वारी, कडेनं करडईचे पट्टे, हवेत थंडी आणि पाठीवर कोवळं ऊन. एका चढावर मंगल माझ्यापुढं गेली आणि मागं न बघता ओरडली, "रजिया, इंजान बंद पडलं का?" मी शिव्या देत चढ चढले. मग उतार लागला आणि खाली एकदम पाणी दिसलं. मी तोवर एवढं पाणी बघितलंच नव्हतं. शेतांच्या मधे मधे शिरलेलं, टेकडीला वळसा घालून दिसेनासं झालेलं, वर पांढरे बगळे. आम्ही दोघी ब्रेक न लावता तो उतार उतरलो आणि मोठ्यानं हसलो. हेही लिहायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही सगळा रस्ता तोंड पाडून गेलो.

डावीकडं पाणी ठेवत आम्ही दोनेक मैल गेलो असू, आणि डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरला. कडेचा मैलाचा दगड डोक्यापर्यंत बुडालेला. पलीकडं बऱ्याच अंतरावर तोच रस्ता ओला होऊन वर निघताना दिसत होता. म्हशी धूत असलेला एक म्हातारा म्हणाला, "फुगवटा हाय की पोरीहो. पाऊस चांगला झाला, आता शिमग्यापस्तोर ह्यो रस्ता पान्यात." अब्बांनी रस्ता बघितला होता उन्हाळ्यात, धरण आटलेलं असताना. ज्या माणसाला बाभळीच्या काट्यांचे महिने पाठ होते, त्याला पाण्याचे महिने ठाऊक नव्हते. निलंग्या-लातूरच्या माणसाला भरलेलं धरण कुठून सुचणार! आमच्याकडं पाणी नसण्याचाच हिशेब मांडायची सवय. मी तो पुठ्ठा हातात धरून उभी राहिले आणि मला अब्बांची फार दया आली.

"आता कुटनं?" मंगलनं म्हाताऱ्याला विचारलं, उत्तर माहीत असून.

"माघारी फिरा, आन् जुन्या गावातनं जावा. दुसरी वाट न्हाई."

मंगल सायकल आडवी टाकून काठावर बसली. मी म्हटलं, परत जाऊ या, उद्या अब्बा बोलतील काहीतरी. ती बराच वेळ पाण्यात खडे टाकत राहिली. मग उठली, परकर झटकला आणि म्हणाली, "बारावी करायची हाय मला. चल."

जुन्या गावात शिरल्यावर ती सायकलवरून उतरली. दगडांचे ढीग बाजूला सारून मधून वाट केलेली होती, ढिगांवर वेडी बाभूळ आणि रान माजलेलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती मला गाव दाखवू लागली. ही शाळा. हा पार. इथं आई पाण्याला यायची आणि सगळ्यात मोठ्यानं हसायची, तिचं हसू घरी ऐकू यायचं. आईबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती, भरभर, कुणी थांबवील की काय अशा घाईनं. बोलता बोलता ती थबकली. पुढं एका उंबऱ्याच्या दगडावर, ज्याच्या मागं घर नव्हतं, एक माणूस धोतराचा सोगा सावरून भाकरी खात बसला होता. पांढऱ्या मिशा, डोईला मुंडासं. मंगलच्या तोंडून आलं, "अण्णा."

अण्णांनी घास खाली ठेवला. पोरीकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"सायकलवर आलीस? लातूरहून?"

"पाटीपासनं. तुमी हितं काय करायलाव?"

"जेवायलोय. दिसत न्हाई का?" ते म्हणाले. "हितंच जेवतो मी दुपारचं. नव्या घरात घास उतरत न्हाई." नवं घर मिळालं होतं, पण अण्णा अंगणात बाजेवर झोपत आणि पावसात गोठ्यात. दोन वर्षांत त्या घराच्या छताखाली त्यांनी पाठ टेकली नव्हती. हे मंगलला ठाऊक होतं. स्वतःबद्दल मात्र तिनं त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता.

"रातच्याला कुटं आसतीस तू?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. मंगलनं माझ्याकडं बघितलं. मग मीच बोलले. वाक्यं काही जुळवून ठेवली नव्हती. "आमच्याकडं असती ती. मी रजिया. माझे अब्बा सायकली नीट करतात. वसतिगृहाला स्लॅब हाय, तिला तिथं झोप येत न्हाई, ती तीन महिने बसून होती अण्णा. आमचं दुकान पत्र्याचं हाय. तिथं ती, मी आन् अम्मी झोपतो. तिला कढई येगळी हाय."

कढईचं मी का सांगितलं कोण जाणे. अण्णा उंबऱ्यावरून उठले नाहीत. त्यांनी मंगलला जवळ बोलावलं, तिच्या हातात उरलेली अर्धी भाकरी दिली आणि विचारलं, "तुलाबी झोप येत न्हाई व्हय?" ती "हाव" म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग मलाही. अण्णा मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसत म्हणाले, "बघू तर द्या मला ते पत्र्याचं."

पाटीपर्यंत त्यांनी मंगलला पाठीमागं बसवून स्वतः सायकल मारली, चढावरसुद्धा उतरले नाहीत. लातूरला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि अब्बा एका पोराच्या वाकड्या मागच्या चाकाचा आऊट काढत होते. सोबत अण्णांना बघून ते हात पुसत उभे राहिले. दोघंही अवघडले. अम्मीनं चहा पाठवला. अण्णांनी तो घेतला, पण त्यांचं लक्ष वरच होतं. उठून त्यांनी दाराच्या चौकटीला धरून हलवून बघितलं, लाकडी वासे हातानं चाचपले, पत्र्यावर काठीनं टकटक केलं. मग मंगलनं तिची जागा दाखवली. "हितं?" म्हणत ते चटईवर बसले, मग मुंडासं उशाला घेऊन जरा कलंडले, आणि आम्ही बघत असताना झोपी गेले. तोंड उघडं टाकून, एक हात सायकलीच्या चाकावर ठेवून.

रविवारची दुपार म्हणजे आमच्या दुकानात सगळ्यात गर्दीची वेळ. अब्बांनी हातातली हातोडी मातीत अलगद ठेवली. पोरं सायकली परत करायला येत होती. अब्बा बाहेर रस्त्यावर उभे राहून प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून थांबवत होते आणि सायकल उचलून, चाक फिरू न देता, भिंतीशी ठेवत होते. एकानं घंटी वाजवली तर त्याला असे डोळे वटारले की तो तसाच माघारी पळाला. अम्मीनं मशीन बंद केलं. त्या दुपारी पहिल्यांदा मी तारांच्या टणटणीशिवाय पुस्तक उघडून बसले, आणि मंगल वडिलांच्या पायांशी बसून राहिली. तिचं लक्ष पुस्तकात नव्हतंच. उठल्यावर ते काय म्हणतील ह्याच्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

ऊन कलल्यावर अण्णा जागे झाले. आपण कुठं आहोत हे त्यांना क्षणभर उमगलं नाही, मग उमगलं आणि ते ओशाळले. मुंडासं बांधून त्यांनी अब्बांना हाक मारली. "भाई, त्या कोपऱ्यातला पत्रा दोन ठिकानी सुटलाय. वारं आलं की उडंल. शिडी हाय का?"

शिडी होती. दोघं वर चढले. अब्बा खिळे देत होते, अण्णा ठोकत होते, आणि वसतिगृह, कार्ड, सोमवार, ह्यांतलं कुणी काही बोलत नव्हतं. मी आणि मंगल अंगणात माना वर करून उभ्या होतो. ठोकता ठोकता अण्णांचं खाली लक्ष गेलं.

"मंगल," ते वरून खेकसले, "हितं काय तोंड बघत हुबी राह्यलीस? जा, घरात जाऊन बस. अभ्यास कर."